बिल्डिंगच्या लायब्ररीसाठी पुस्तकं सुचवा, पण मोठ्यांची लिस्ट नको, तुम्ही स्वतः संपवलेली सांगा

परळची_पोर
हाय. मी दहावीत आहे, परळला राहते. आमची चाळ पाडून टॉवर झाला. चाळीत तळमजल्यावर एका खोलीत लायब्ररी होती, ती तेव्हाच गेली. पुस्तकं तीन पोत्यांत भरून नवीन बिल्डिंगच्या मीटररूममध्ये टाकलेली, ती यंदा गणपतीच्या साफसफाईत उघडली तर दीड पोतं वाळवीने खाल्लेलं. उरलेल्यातलं एक फास्टर फेणे मी वर घेऊन आले, मस्त रंगात आलेलं आणि ऐन शेवटाला पानंच नाहीत. म्हणजे फेणे गुंडांच्या तावडीत आणि पुढे डायरेक्ट पुठ्ठा. कसा सुटला देव जाणे.

तर मुद्दा असा की वर्गणीतून उरलेले ४,००० रुपये कमिटीने पोरांच्या पुस्तकांसाठी दिलेत. यादी पोरांनी करायची पण मंजुरी सेक्रेटरी काकांची, आणि काकांनी स्वतःची यादी ऑलरेडी ग्रुपवर टाकली आहे. श्यामची आई, थोरांची चरित्रं, आणि यशस्वी कसं व्हावं टाइप दोन. पोरं सगळी मिळून चौदा आहोत, सगळ्यात छोटा नऊचा, मोठी मीच. निम्मे इंग्लिश मीडियमवाले, घरी मराठी फाडफाड बोलतात पण वाचायला दिलं की जोडाक्षराला गाडी बंद पडते.

प्लीज "वाचन संस्कार" वगैरे नको, ते काका देतात. तुम्ही स्वतः शेवटपर्यंत वाचलेली सांगा आणि कुठे बोअर झालं तेही खरंखरं सांगा.

आठवी_ब
फास्टर फेणे घेच. मी अमेय वाघचा पिक्चर आधी बघितला होता (२०१७ चा) त्यामुळे मला वाटलं फेणे म्हणजे कॉलेजचा वगैरे असेल, पुस्तकात तर तो आपल्याएवढाच आहे, काडीपैलवान, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला, सायकल दामटवत फिरतो आणि जिथे जाईल तिथे काहीतरी झोल होतोच. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मोबाईल नाहीये. अडकला की अडकला, लोकेशन कोणाला पाठवणार. आताच्या गोष्टींमध्ये लेखकाला आधी फोनची बॅटरी संपवावी लागते.

बोअर कुठे झालं, तर सुरुवातीला भाषा जरा जुनी वाटते, पंधरा वीस पानं लागतात सवय व्हायला. आणि एकदा ओळीने पाच वाचली तर कळायला लागतं की आता हा बरोबर चुकीच्या खोलीत शिरणार आणि पडद्यामागून सगळं ऐकणार. म्हणून एकदम सगळी घेऊ नका, वीस भाग आहेत, चारपाच बास. जवानमर्द फास्टर फेणे घे, त्यात तो चीनच्या लढाईच्या वेळी पार नेफात (म्हणजे आताच्या अरुणाचलात) पोचतो, ते जरा वेगळं आहे.

फेणे सारखं करतो ते ट्टॉक मी वर्गात करून बघितलं, जीभ टाळ्याला लावून. बाईंनी बाहेर काढलं.

स्लो_लोकल
मी तुझ्या बिल्डिंगमधल्या त्या निम्म्या पोरांपैकी आहे असं समज. इंग्लिश मीडियम, नववी, बोरिवली. मराठी पुस्तक हातात घेतलं की माझा स्पीड दुसरीतल्या पोराचा होतो आणि मग लाज वाटते आणि मग ठेवून देतो, हे असं दोन वर्षं चाललेलं. मग आत्याने हॅरी पॉटर आणि परीस दिलं. मी म्हटलं हे काय, हे तर मला पाठ आहे. तर तेच कामी आलं, गोष्ट माहीत असल्यामुळे एखादा शब्द अडला तरी गाडी पुढे जाते, मागे जाऊन परत वाचायला लागत नाही. आणि परीस हा शब्द मला भारीच वाटला, आजी म्हणाली परीस म्हणजे लोखंडाचं सोनं करणारा दगड, आमच्याकडे तर आधीपासूनच शब्द होता की. काही ठिकाणी भाषांतर फार पुस्तकी वाटतं, ती मुलं शाळेत असं बोलत असतील असं वाटतच नाही, पण तीनशे पानं मराठी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली ती हीच.

पण ४,००० मध्ये ही सिरीज घेऊ नकोस, सगळे पैसे त्यातच जातील. एकच भाग घे, बाकी ज्याला चटक लागेल तो स्वतः शोधेल.

विंडोसीट
मी बारावी, डोंबिवलीहून दादरला क्लासला जाते. माझं एकच सांगणं, पाडस. मार्जोरी रॉलिंग्जच्या द यर्लिंगचा अनुवाद, राम पटवर्धनांनी केलेला. मूळ पुस्तक १९३८ चं, त्याला पुलित्झर मिळालंय, पण ते सोड. फ्लोरिडाच्या जंगलात राहणारा एक मुलगा, गरीब घर, बापाला साप चावतो आणि विष शोषून घ्यायला बाप तिथल्या तिथे एक हरणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो. त्या हरणीचं पिल्लू मागे उरतं, ते हा मुलगा घरी आणतो. सुरुवातीची शंभर पानं खरंच हळू आहेत, अस्वलाची शिकार, झाडं, पाऊस, परत झाडं. मी दोनदा सोडलं होतं. तिसऱ्यांदा लोकलमध्ये नेलं कारण तिथे दुसरं काही करताच येत नाही, गर्दीत हात वर गेला की तासभर वरच राहतो.

शेवट मी सांगणार नाही. फक्त एवढंच सांगते की ठाणे गेलं तेव्हा मी रडायला लागले होते आणि थांबतच नव्हतं, लेडीज डब्यात क्लिपा विकणाऱ्या मावशी येतात ना, त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या काय झालं गं, कोण गेलं का? मी म्हटलं हरीण. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, आणि घाटकोपरपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

नऊवाल्याला देऊ नकोस. अकरा बाराच्या पुढे.

गिरगावकर_ज्युनियर
अजून कोणी शाळाचं नाव घेतलं नाही?? मिलिंद बोकील, २००४. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या चित्र्या फावड्या, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. मी नववीत असतानाच वाचली, दोन रात्रीत. एक अर्धवट बांधलेली बिल्डिंग असते तिथे हे चौघं बसून टाइमपास करतात, आमची पण सेम जागा होती, फक्त आमचा वॉचमन हाकलायचा. पहिल्यांदाच असं पुस्तक वाचलं की ज्यात पोरं खरंच पोरांसारखी बोलतात, शिव्या पण देतात, बाईंना नावं ठेवतात, आणि लेखक मध्ये येऊन असं वागू नये बरं का असं सांगत नाही. मागे आणीबाणी चालू आहे ते हळूहळू कळत जातं, मला तोपर्यंत आणीबाणी म्हणजे पाणीकपातीसारखं काहीतरी वाटायचं.

पिक्चर बघितला असेल तरी वाच. पुस्तकात त्याच्या डोक्यातलं सगळं ऐकू येतं, खरी मजा तिथे आहे.

ज्यो_ची_पाचवी_बहीण
गिरगावकर, शाळा मलाही आवडली, पण एक सांग, शिरोडकर काय विचार करते ते तुला शेवटपर्यंत कळलं का? ती कशी दिसते, कशी चालते, कधी बघते हे सगळं आहे. ती घरी जाऊन काय करते, तिला भीती वाटते का, तिच्या मैत्रिणी तिला काय म्हणतात, काही नाही. मला माहितीये गोष्ट मुकुंद सांगतोय म्हणून तसं आहे आणि त्याला तरी कुठे कळत असणार. तरी वाचून झाल्यावर मला जोशीपेक्षा तिचीच वही वाचायची होती.

परळ, तुझ्या चौदात मुली किती? कारण आतापर्यंतची लिस्ट बघ. फेणे, हॅरी, हरीणवाला मुलगा, मुकुंद. ताम्हनकरांनी पण गोट्यासोबत चिंगी लिहिली होती, पण गोट्या सिरियलचं बीज अंकुरे अंकुरे सगळ्यांना पाठ, चिंगीचं नाव घेतलं की कोण चिंगी.

म्हणून दोन सांगते. चौघीजणी, शांता शेळक्यांनी केलेला लिटल विमेनचा अनुवाद. मूळ १८६८ चं आहे, दीडशे वर्षं जुनं, आणि तरी त्या चौघींमधली ज्यो आमच्या वर्गातली वाटते. बाप आजारी म्हणून पैसे हवेत तर ती जाऊन स्वतःचे केस विकून येते आणि घरी सगळ्यांसमोर काही वाटत नाही असं दाखवते, आणि रात्री अंधारात रडते, कशासाठी, तर केसांसाठी. मला ते फार खरं वाटलं, चांगलं काम केलं म्हणून केसांचं वाईट वाटायचं थांबत नाही ना. बोअर कुठे, तर मध्येमध्ये आई उपदेश करते ती पानं. उडवली मी.

दुसरं तोत्तोचान. हे तुझ्या नऊवाल्याला चालेल. पहिलीतून शाळेने काढून टाकलेली जपानी मुलगी, नवीन शाळेत वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. हेडमास्तर पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! आमच्याकडे पालकसभेत आईला चार मिनिटं मिळत नाहीत. आणि ते डब्यात काहीतरी समुद्रातलं काहीतरी डोंगरावरचं आणायचं, मी आईला सांगितलं तर आई म्हणाली सुकट आणि बटाटा, झालं. नॅशनल बुक ट्रस्टचं आहे, स्वस्त मिळतं.

गिरगावकर_ज्युनियर
शिरोडकरचा मुद्दा बरोबर आहे, मला कधी सुचलंच नव्हतं. मुलगा आहे म्हणून नसेल सुचलं असं आता तू लिहायच्या आधी मीच लिहितो.

परळची_पोर
मुली सहा आहेत. चौघीजणी नक्की. पण शाळाचं टेन्शन आहे यार, काका मधलंच कुठलंतरी पान उघडून बघतात आणि नशीब असं की लाईन मारण्याचंच पान निघेल. आणि श्यामची आईचं काय करू? नाही म्हटलं तर आमच्याकडे राडा होईल.

आठवी_ब
श्यामची आई नको, सारखं रडवतात.

चष्मा_हरवलाय
मी पण हेच म्हणायचो, न वाचता. सातवीच्या सुट्टीत आजोळी कोकणात नेटवर्क नव्हतं आणि घरात तेवढं एकच पुस्तक होतं म्हणून वाचलं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, १९३३ मध्ये, हे मला प्रस्तावनेत कळलं आणि मग वाचताना सारखं डोक्यात की हा माणूस कोठडीत बसून आईबद्दल लिहितोय. काही रात्री (प्रकरणांना त्यात रात्र म्हटलंय) मलाही जमल्या नाहीत, खोटं कशाला बोलू, सगळेच एवढे डोळे पुसत असतात की आपले कोरडेच राहतात. पण पोहण्याचं प्रकरण वाच. श्याम विहिरीत उडी मारायला घाबरून माळ्यावर जाऊन लपतो आणि आई त्याला फोडून काढते. मला तर वाटलेलं ही आई सारखी पदराने डोळे टिपणारी असेल, ही तर माझ्या आईपेक्षा डेंजर निघाली. माझं मत असं की पुस्तक वाईट नाही, ते देताना मोठी माणसं जो चेहरा करतात ना, तो वाईट आहे. एक कॉपी घे, काका खूष, आणि कोणालाही वाच म्हणून सांगू नकोस, शेल्फवर पडून राहू दे.

तोपशे_ठाणेकर
फेलूदा!! सत्यजित राय यांनी पिक्चर काढले तसं मुलांसाठी हे पण लिहिलं, १९६५ पासून. मराठीत अशोक जैन यांनी केलंय, रोहन प्रकाशनचा सेट आहे. छोटी छोटी पुस्तकं, त्यामुळे तुझ्या जोडाक्षरवाल्यांना टेन्शन नाही. फेलूदा डिटेक्टिव्ह, त्याचा चुलतभाऊ तोपशे गोष्ट सांगतो, आणि जटायू म्हणून एक लेखक आहेत, ते थरारक कादंबऱ्या लिहितात आणि त्यात हमखास काहीतरी ढळढळीत चुकीचं लिहून ठेवतात. एका गोष्टीत ह्यांच्या कादंबरीवर हिंदी पिक्चर निघतो म्हणून तिघं मुंबईला येतात आणि इथे लिफ्टमध्ये खून होतो. ती मी इंग्रजीत वाचली, आणि नंतर आठवडाभर जिना वापरला, सातवा मजला.

फेणेशी तुलना करायची तर फेणे धावतो आणि फेलूदा बसून विचार करतो. मला दुसरा प्रकार आवडतो कारण मी पण धावत नाही.

काकांसाठी एक वॉर्निंग, फेलूदा चारमिनार ओढतो. पान कुठलंही उघडलं तरी रिस्क आहे.

विशीतला_घुसखोर
मी २२ चा आहे म्हणजे नियमात बसत नाही पण राहवलं नाही. मी तेरा चौदाचा असताना माझा हाच प्रॉब्लेम होता की फेणे संपला, बोक्या सातबंडे संपला, आता काय? इंग्लिशमध्ये त्या वयासाठी वेगळं शेल्फच असतं, पर्सी जॅक्सन आहे, हंगर गेम्स आहे, दुकानात वर पाटी लिहिलेली असते. मराठीत बालविभागातून बाहेर आलो की समोर डायरेक्ट मृत्युंजय आणि ययाति. मधली पायरीच नाही, एकदम पहिल्यावरून चौथ्या मजल्यावर उडी. आमच्या शाळेच्या लायब्ररीचं कपाट तर कुलूपबंद असायचं, बाहेरून काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचायचो, चावी कोणाकडे ते शिपायालाही माहीत नव्हतं.

मला त्या वेळी प्रकाश नारायण संतांचा लंपन सापडला. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर अशी चार पुस्तकं. आता हे मुलांसाठी लिहिलेलं नाही, मुलाबद्दल लिहिलेलं आहे, दोन्हीत फरक आहे. आणि कादंबरी पण नाही, कथा आहेत, पण सगळीकडे तोच लंपन असल्यामुळे सलग वाचता येतं. आईबाबांपासून लांब आजीआजोबांकडे राहतो, बेळगावकडची भाषा बोलतो, सारखं मॅड मॅड करत असतो. घडत काहीच नाही. खरंच, शाळेत जातो, रेल्वे बघायला जातो, सुमी त्याच्याशी बोलते किंवा बोलत नाही. ज्याला खून आणि पाठलाग हवाय तो दहाव्या पानावर झोपेल. पण मी घरापासून लांब होस्टेलला होतो तेव्हा हे वाचत होतो आणि मला कोणीतरी माझ्या खोलीत येऊन बसल्यासारखं वाटायचं. त्याच्यावर २०२४ ला वेबसिरीज पण आली, छान आहे, पण आधी पुस्तक.

आणि पैसे न लागणारं एक सांगतो. किशोर मासिक, बालभारतीचं, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत. आमच्या शेजारच्या पोराला मी टॅबवर लावून दिलं, तो जुन्या जुन्या चित्रांवर हसत हसत अर्धा अंक वाचून गेला.

खरेदीला दादरलाच जा, एकदम घेतलीस तर डिस्काउंट माग. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पण चक्कर मार, तिथे इंग्लिश जास्त असतं, मराठी नशिबावर.

स्लो_लोकल
काच आणि कुलूपवालं कपाट, सेम. आमच्याकडे तर वर गोल्ड मेडलं ठेवलीत.

परळची_पोर
अपडेट देते, तीन आठवडे झाले.

मी आणि तीन पोरं शनिवारी दादरला गेलो, छबिलदासच्या गल्लीत आयडियलमध्ये, दीड तास उभं राहून निवडली. चार फेणे, फेलूदाची तीन, पाडस, शाळा, चौघीजणी, तोत्तोचान, वनवास, परीसवाला हॅरी आणि श्यामची आई. ३,८०० च्या आसपास झाले, उरलेल्यात खाकी कव्हरं आणि एक शिक्का. काका म्हणाले शिक्का पहिल्या पानावर आणि सतराव्या पानावर मारायचा, चाळीतल्या लायब्ररीत पण सतराव्यावरच असायचा म्हणे, पहिलं पान कोणी फाडलं तरी चोरी पकडता येते. मी वाळवीवालं पुस्तक उघडून बघितलं, खरंच सतराव्यावर जांभळा शिक्का.

फेणे कसा सुटला ते पण कळलं, तेच पुस्तक मुद्दाम घेतलं. सांगत नाही, पण मी मनात जो शेवट केला होता तो जास्त खतरनाक होता. थोडी निराशाच झाली.

विंडोसीट ताई, पाडस तिसऱ्या मजल्यावरच्या बारा वर्षांच्या मुलाने नेलं. परवा रात्री दहाला बेल वाजली, दारात हा. पुस्तक माझ्या हातात दिलं, काही बोलला नाही. मग म्हणाला, ताई दुसरं दे, ज्यात प्राणी नाहीत असं. फेलूदा दिला. तोत्तोचान नऊवाल्याला त्याची आई वाचून दाखवते आणि तो डबे बघायला परळ वर्कशॉपला जायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. वनवास अजून कोणी नेलं नाही, मी वाचतेय, बावीसवाले दादा, तुमचं बरोबर आहे, काही घडत नाही आणि ठेववत पण नाही.

आता खरा प्रश्न. शाळा काकांनी "तपासायला" म्हणून नेली. आम्ही नियम केलाय, सात दिवसांत परत नाहीतर रोज १ रुपया दंड, वहीत सगळ्यांच्या सह्या आहेत, काकांची पण आहे. आज सोळावा दिवस. काल खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून वाचत होते, मला बघून पुस्तक पटकन पिशवीत टाकलं. मंजुरी द्यायची आहे म्हणतात, अजून थोडं बाकी आहे म्हणतात. गिरगावकर आणि बाकी दोघंजण नंबर लावून बसलेत ते वेगळंच (आमच्या बिल्डिंगमध्ये पण एक गिरगावकर आडनाव आहे, तू नाही).

दंड मागू का सेक्रेटरीकडे?

आठवी_ब
९ रुपये. सोडू नको. पावती फाड.